अंतरपाटानंतरची कादंबरी

मराठीच्या प्राध्यापकाच्या टेबलावर कोणते पुस्तक असावे, याविषयी लोकांच्या कल्पना अगदी ठाम असतात. ज्ञानेश्वरी चालते. पिवळे पडलेले एखादे समीक्षेचे पुस्तक चालते. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तर शोभूनच दिसतो. पण रंगीत वेष्टनाची इंग्रजी प्रेमकथा दिसली, की समोरचा मनुष्य आधी पुस्तकाकडे आणि मग आपल्या पिकू लागलेल्या केसांकडे पाहतो आणि मोठ्या सौजन्याने विचारतो, "वहिनींचं का हो?" गेल्या पावसाळ्यात हा प्रश्न मला स्टाफरूममध्ये तीनदा ऐकावा लागला. पुस्तक वहिनींचे होते हे खरे. पण वाचीत मी होतो, आणि चांगला मजेत वाचीत होतो. यंदाच्या दिवाळीत वाचकांशी बोलायचे ते याच पुस्तकाविषयी, हे मी तेव्हाच ठरवून टाकले.

पुस्तकाचे नाव 'द ब्रोमान्स बुक क्लब'. लेखिका लिसा के ॲडम्स या अमेरिकन, आणि पुस्तक २०१९ साली प्रसिद्ध झालेले. 'ब्रोमान्स' हा शब्द 'ब्रदर' आणि 'रोमान्स' यांची सांधेजोड करून तयार झाला आहे. दोन पुरुषांमधल्या जिवलग मैत्रीला तिकडे असे म्हणतात. तेव्हा नावाचे मराठी करायचेच झाले तर 'दोस्तांचे वाचक मंडळ' असे काहीतरी करावे लागेल. नाव दोस्तांचे असले तरी कथा आहे ती एका नवराबायकोची, आणि माझे कुतूहल चाळवले ते त्यामुळेच.

कारण प्रेमकथेचा रिवाज आपल्या सर्वांना पाठ आहे. नायक नायिकेला पाहतो. मग कुठे गैरसमज, कुठे वडिलांचा विरोध, कुठे पैशाची अडचण, कुठे जातीची भिंत. शेवटच्या प्रकरणात अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि पुस्तक संपते. वाचक सुखाचा निःश्वास टाकून दिवा मालवतो. पण त्या दोघांचे पुढे काय झाले? पहिले विजेचे बिल कोणी भरले? कोण घोरत होते, आणि ते दुसऱ्याने किती वर्षांनी बोलून दाखवले? याविषयी कादंबरीकार मौन पाळतो. जणू संसार सुरू झाला की प्रेमकथेची हद्द संपली आणि घरगुती हिशेबाच्या वहीची सुरू झाली!

ॲडम्सबाईंनी ही हद्द ओलांडली आहे. त्यांचा नायक गॅव्हिन स्कॉट हा नॅशव्हिल शहरातला नामांकित बेसबॉलपटू. त्याची पत्नी थीया. ओळख झाल्यावर थोड्याच महिन्यांत तिला दिवस गेले, घाईने लग्न झाले आणि ॲव्हा व अमीलिया या जुळ्या मुली झाल्या. लग्नाला तीन वर्षे होत आली आहेत. तो सामन्यांसाठी गावोगाव फिरतो. ती मुली सांभाळते, घर सांभाळते आणि बड्या खेळाडूची बायको म्हणून चारचौघींत शोभून दिसण्याचे कामही सांभाळते. तिचे शिक्षण अर्धवट राहिले आहे. त्याविषयी तक्रार तिने केलेली नाही. त्यानेही विचारलेले नाही.

आणि मग एका रात्री गॅव्हिनच्या एका फटक्यावर त्याचा संघ मोठा सामना जिंकतो. सारे शहर त्याच्या नावाचा जयघोष करीत असते. नेमक्या त्याच रात्री त्याच्या ध्यानात येते, की दोघांमधल्या अगदी खाजगी सुखाच्या बाबतीत थीया आजवर अभिनय करीत आली आहे; त्याला बरे वाटावे म्हणून. गॅव्हिनचा अभिमान दुखावतो. तो पाहुण्यांच्या खोलीत झोपायला जातो आणि तिच्याशी बोलणे टाकतो. या अबोल्याने जे उरलेसुरले होते तेही तुटते. थीया घटस्फोट मागते. कादंबरी सुरू होते ती इथे. इतर प्रेमकथांतल्या संकटांचा कळस जिथे होतो, त्याच्याही पुढच्या वळणावर.

आता त्या मंडळाविषयी. हॉटेलच्या खोलीत दारूच्या आधाराने दुःख करीत बसलेल्या गॅव्हिनला त्याचे मित्र गाठतात. यांत कोणी त्याच्याच संघातला, कोणी फुटबॉलपटू, कोणी नाइट क्लबांचा मालक, कोणी बर्फावरच्या हॉकीचा रशियन खेळाडू. सारे दंड थोपटून उभे राहावेत असे गडी. आणि हे गडी गुपचूप एकत्र जमून काय करतात, तर बायकांसाठी लिहिलेल्या प्रेमकादंबऱ्या वाचतात! गॅव्हिनच्या हाती ते 'कोर्टिंग द काउंटेस' नावाची कादंबरी ठेवतात. ही कादंबरी ॲडम्सबाईंनीच कल्पिलेली आहे आणि तिचे उतारे मधूनमधून आपल्यालाही वाचायला मिळतात. तिचा काळ म्हणजे इंग्लंडातला १८११ ते १८२० चा. राजा तिसरा जॉर्ज आजारी असल्यामुळे त्या वर्षांत युवराज राज्यकारभार पाहत होता. त्यावरून त्या काळाला 'रीजन्सी' म्हणतात. सरदार, बग्ग्या आणि नृत्यसमारंभ यांच्या या जगाला प्रेमकथेत कायमची जागा मिळवून दिली ती जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेने. तिची 'रीजन्सी बक' १९३५ सालची. तर गॅव्हिनच्या हातातल्या पुस्तकातही एक उमराव आहे, त्याची पत्नी आयरीना आहे, आणि त्यालाही आपल्याच विवाहित पत्नीची मनधरणी पहिल्यापासून करायची आहे.

गॅव्हिन आधी हसतो. पुरुष हसतातच. पण मंडळाचे म्हणणे मोठे मार्मिक आहे. या कादंबऱ्या बहुतेक स्त्रियांनी स्त्रियांसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याला कसे बोलावलेले आवडेल, कसे ऐकून घेतलेले आवडेल, कशाने मन मोडते, हे सारे त्यांनी त्यांत उघड लिहून ठेवले आहे. पुस्तके दुकानादुकानांतून विकली जातात; मिल्स अँड बून ही संस्था तर १९०८ साली निघाली आणि तिच्या कादंबऱ्या आपल्याकडच्या सर्क्युलेटिंग लायब्ऱ्यांतूनही हातोहात फिरल्या. इतकी वर्षे उघड्यावर ठेवलेले हे पत्र ज्यांना उद्देशून होते, त्यांनीच ते बायकी म्हणून बाजूला सारले. बायकांच्या मनाचा थांग लागत नाही, अशी तक्रार मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या करीत राहिले!

मंडळ गॅव्हिनला आणखी एक धडा देते. कादंबरीतले पात्र असे का वागते, हे कळायला त्याची पूर्वकथा पाहावी लागते. आम्ही वर्गात हेच शिकवतो, पण घरी येताना तो नियम फळ्यावरच राहतो. थीयाच्या वडिलांनी लग्नामागून लग्ने केली आहेत. आता चौथ्याची तयारी चालू आहे. तिला आणि तिच्या बहिणीला वाढवले ते आजीने. पुरुष कधीतरी निघून जातो, हे तिने लहानपणीच शिकून ठेवले आहे. गॅव्हिन जेव्हा पाहुण्यांच्या खोलीत निघून जातो तेव्हा तो रुसलेला असतो. तिला दिसतात ते दार ओढून घेणारे वडील. गॅव्हिनला स्वतःला तोतरेपणाचा त्रास आहे. शब्द ऐनवेळी दगा देतील ही धास्ती त्याला लहानपणापासून आहे, म्हणून कठीण प्रसंगी तो न बोलणेच पसंत करतो. आणि लेखिकेने संसार वाचवण्याचे काम सोपवले आहे ते नेमके अशा माणसावर, ज्याला बोलणेच अवघड जाते.

ही माहिती दोघांनाही नवी नाही. तिचे वडील कसे आहेत हे त्याला माहीत आहे. तो अडखळतो हे तिला माहीत आहे. माहीत असूनही दोघांनी ती एकमेकांच्या वागण्याशी जोडून पाहिलेली नाही. मला या कादंबरीत सर्वांत गोडी वाटली ती इथे. इथे खलनायक नाही. सवत नाही, कपटी मित्र नाही. दोन चांगली माणसे आहेत, आणि दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी टाळलेली वाक्ये आहेत. नाताळपर्यंत मुदत ठरते. गॅव्हिन घरी परत येतो आणि ज्या बाईशी त्याने लग्न केले आहे तिचीच ओळख करून घ्यायला लागतो.

हे सारे अमेरिकेचे झाले. पण संसारातल्या प्रेमाची कथा आपल्याला परकी आहे असे मात्र कोणी समजू नये. मराठी कादंबरी वयात आली ती नवराबायकोच्याच प्रेमाने. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून येऊ लागली. तिच्यातले यमू आणि रघुनाथराव यांचे मुंबईतले थोडे सुखाचे दिवस आठवा. बायकोने लिहावे-वाचावे, मनातले बोलावे, असे वाटणारा नवरा ही त्या वेळी केवढी नवलाची गोष्ट होती! त्या सुखाला हरिभाऊंनी फार आयुष्य दिले नाही, कारण त्यांना विधवेचे दुःख समाजापुढे मांडायचे होते. पुढे फडक्यांच्या काळात प्रणय कॉलेजात शिकू लागला आणि लग्नाआधीच्या गोड हुरहुरीत रमला. खांडेकरांच्या 'ययाति'त, १९५९ साली, नवराबायको पुन्हा केंद्रस्थानी आले खरे, पण ते एकमेकांना दुरावण्यासाठी.

याहून मागे गेलो की मला नल-दमयंती आठवतात. रघुनाथ पंडितांच्या ज्या आख्यानावरून मराठी माणूस ही कथा ओळखतो त्याच्या नावातच स्वयंवर आहे. राजहंस, विरह, मंडपात जमलेले राजे, हे सारे आपल्या डोळ्यांपुढे आहे. पण महाभारताच्या वनपर्वात स्वयंवर ही नुसती सुरुवात आहे. नल द्यूतात राज्य घालवतो, दमयंतीला अरण्यात झोपलेली टाकून जातो, रूप पालटते आणि अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे बाहुक नावाचा सारथी होऊन राहतो. दमयंती कुंडिनपुरी माहेरी पोहोचते. आजच्या अमरावती जिल्ह्यातले कौंडिण्यपूर ते हेच, असे परंपरा मानते. तेथून ती ब्राह्मणांकरवी देशोदेशी एक प्रश्न पाठवते: अर्धे वस्त्र कापून घेऊन, निजलेल्या बायकोला सोडून तू कुठे गेलास? ज्याला हा प्रश्न झोंबेल तोच तिचा नवरा. उत्तर आल्यावर ती दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवते आणि नल स्वतःच रथ हाकीत येऊन पोहोचतो.

या दोन स्वयंवरांतला फरक मोठा बोलका आहे. पहिल्या वेळी चार देव नलाचे रूप घेऊन बसले होते; समोर पाच नल होते आणि त्यांतला खरा ओळखायचा होता. दुसऱ्या वेळी नलासारखा दिसणारा एकही नाही. समोर आहे एक कुरूप सारथी. तरीही दमयंती त्याने रांधलेल्या अन्नाच्या चवीवरून आणि मुलांना पाहून त्याच्या डोळ्यांत आलेल्या पाण्यावरून त्याला ओळखते. पहिली ओळख तारुण्याची होती. दुसरीला आधी एकत्र जगलेले असावे लागते. त्या जगण्याच्या आठवणीच तिथे साक्षीला येतात. वीस वर्षांच्या संसारानंतर आपण कोणी लग्नाच्या फोटोतल्यासारखे दिसत नाही. दमयंतीचा हा दुसरा प्रसंग म्हणूनच मला आपल्या घरांच्या अधिक जवळचा वाटतो, आणि गॅव्हिन-थीयाची गोष्ट त्याच जातीची आहे.

आता आक्षेप. माझे एक मित्र म्हणाले, "अहो, पण शेवट गोड होणार हे आधीच ठाऊक! मग वाचायचं काय?" प्रेमकादंबरीत शेवट आशादायक असावा, हा तिकडे त्या प्रकाराचा नियमच मानतात. पण हा दोष धरायचा तर आपली कीर्तने बंद करावी लागतील. सीतास्वयंवराच्या आख्यानाला बसलेल्या एकाही श्रोत्याला धनुष्य कोण मोडणार याची शंका नसते. तरी तो मांडी बदलून ऐकत राहतो, कारण काय होणार यापेक्षा कसे होणार यात त्याचा जीव गुंतलेला असतो. शेवटाची खात्री असली की मधल्या वाटेकडे निवांतपणे पाहता येते.

माझ्या तक्रारी वेगळ्या आहेत. पुस्तकातली भाषा जागोजागी शिवराळ आहे आणि काही प्रसंग इतके मोकळे आहेत, की पुस्तक मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नये. शिवाय या जोडप्याला पैशाची ददात नाही. घराचा हप्ता नाही, सासूबाईंचे पथ्य नाही. आणि रुसून जायला पाहुण्यांची स्वतंत्र खोली! आपल्याकडे दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात अबोला धरायचा तोही एकाच छपराखाली, भिंतीकडे तोंड करून, मुलांमार्फत निरोप धाडीत: "बाबांना म्हणावं, पान वाढलंय." मराठीत अशी कादंबरी कोणी लिहिली तर तिची गंमत आणि तिचे दुःख दोन्ही निराळी होतील. अबोल्यातही वाढलेले पान चुकत नाही, यातच एक प्रकरण आहे.

आमच्या घरी या पुस्तकाची एकच प्रत दोघांनी वाचली. आधी तिने, मग मी. आम्हा दोघांनाही समासात पेन्सिलीने बारीक रेघ ओढण्याची सवय आहे. तिची रेघ उभी, माझी आडवी. मी पुस्तक संपवून ठेवल्यावर एका रविवारी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "तुमच्या खुणा पाहिल्या हं. सगळ्या विनोदावर आहेत."

"आणि तुझ्या?"

"जिथं ती बोलायला तोंड उघडते आणि मग 'जाऊ दे' म्हणून गप्प बसते, तिथं."

मी पुस्तक पुन्हा उघडून पाहिले. उभ्या रेघा बऱ्याच होत्या. मी विचारले, "तुझं असं काय राहिलंय?" ती हसली आणि आधी म्हणाली, "जाऊ दे." मग तिच्याच ध्यानात आले आणि दोघेही हसलो. भाजीची जुडी संपेपर्यंत हळूहळू निघाले ते असे. लग्नाआधी ती पेटी वाजवायला शिकत होती. दोन परीक्षा झाल्या होत्या. आईंच्या आजारपणात पेटी माळ्यावर गेली आणि मग मुलांच्या शाळा आल्या. गेल्या महिन्यात माळा झाडताना ती पुन्हा तिच्या हाताला लागली होती. "सांगणार होते तुम्हाला. पण तुम्ही पेपर तपासत होतात, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी काय मधेच बोलायचं!"

अठरा वर्षांचा संसार आणि एवढीशी गोष्ट. पेटी खाली काढली. भाता फाटलेला होता आणि दोन सूर बसले होते. दुरुस्त करणारा म्हणाला, लाकूड जुने आणि चांगले आहे, टाकू नका. दिवाळीपूर्वी ती परत मिळेल असे तो म्हणतो. असल्या वायद्यांचा अनुभव वाचकांना आहेच. पण शेजारच्या वाड्यातल्या बाईंकडे बुधवार-शनिवारचा वर्ग ठरला आहे, आणि त्या दोन संध्याकाळी कुकर लावणे माझ्याकडे आले आहे. हे सारे एका कादंबरीने घडवले, असा दावा मी करणार नाही. कादंबरीने एवढेच केले, की एक प्रश्न विचारायला निमित्त दिले. चांगल्या रंजक पुस्तकाकडून याहून अधिक अपेक्षा मी तरी ठेवीत नाही.

आपल्या दिवाळीत पाडवा हा खास नवराबायकोचा दिवस. तेलउटणे होते, पाट मांडला जातो, ती ओवाळते आणि तो तबकात ओवाळणी घालतो. काय घालावे हे हल्ली जाहिराती आठवडाभर आधीपासून शिकवतात. ती ओवाळणी अवश्य घाला. त्यात काटकसर करून घरातली शांतता धोक्यात आणू नका. पण निरांजन खाली ठेवल्यावर, पाटावरून उठण्याच्या आधी, जरा आवाज उतरवून विचारा, "तुझं काही सांगायचं राहिलंय का?" आणि गृहिणींनीही हाच प्रश्न उलट विचारायला हरकत नाही. गप्प बसण्याचा मक्ता काही एकाच बाजूकडे नसतो. पहिले उत्तर बहुधा "जाऊ दे" असेच येईल. थोडे थांबावे. गॅव्हिनला नाताळपर्यंतची मुदत मिळाली होती. आपल्याला तुळशीच्या लग्नापर्यंतची मिळाली तरी पुष्कळ झाली.